आदर्श उमेदवार

"तुम्ही थांबा मॅडम, तुम्ही काय परक्या न्हाई," असं म्हणून बापूसाहेब डुबल माझ्या खुर्चीत बसले. प्रयोगशाळेत दुसरी खुर्ची नव्हती, त्यामुळे परकी नसलेली मी भिंतीला टेकून उभी राहिले.

बापूसाहेब म्हणजे आमच्या तालुका दूध संघाचे चेअरमन. त्यांच्यासोबत नोकरभरतीचं काम पाहणारे शिंगटे अण्णा होते, पुण्याहून आलेला खासनीस नावाचा एक तरुण होता आणि बापूसाहेबांच्या बहिणीचा मुलगा शार्दूल होता. चौघं माझ्या संगणकापुढे दाटीवाटीनं जमले होते, कारण संघाच्या अख्ख्या इमारतीत धड चालणारं इंटरनेट आणि एसी एवढ्या एकाच खोलीत होता. एसी दुधाच्या तपासणीसाठी होता. पण दुधापेक्षा संचालकांनाच त्याची गरज जास्त पडायची.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं होतील. तेव्हा एआयचं वारं आमच्या तालुक्यात नुकतंच शिरलं होतं आणि ते पहिलं बापूसाहेबांच्या कानात शिरलं. खासनीस जे मशीन विकायला आला होता ते म्हणे माणसं निवडायचं. अर्ज वाचायचं, मुलाखत घ्यायचं, गुण द्यायचं आणि क्रमवार यादी काढून हातात ठेवायचं.

"पूर्ण प्रोसेसमध्ये माणसाचा हात लागत नाही सर," खासनीस म्हणाला.

"अगदी असंच पायजे," बापूसाहेब म्हणाले. आजवर ज्यांचा हात लागल्याशिवाय संघात शिपाईसुद्धा चिकटला नव्हता, ते हे म्हणत होते. मशीन संघाच्या पैशातून घ्यायचं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायला वेळ लागत नाही.

जागा होती प्रयोगशाळा प्रमुखाची, आणि ती कायमची होती. तपासणीला आलेल्या सरकारी साहेबानं शेरा मारला होता, की प्रयोगशाळेला कायम नेमणुकीचा, शिकलेला प्रमुख हवा. तोवर ते काम मी करत होते, कंत्राटावर. दरवर्षी मार्चअखेर शिंगटे अण्णा मला एक दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्यानं ऑर्डर काढायचे, म्हणजे माझी नोकरी कधी सलग म्हणून मोजलीच जाऊ नये. कायम माणसाला काढायला चौकशी लागते. मला काढायला अण्णांनी नवी ऑर्डर न काढणं पुरेसं होतं.

त्याचा उपयोगही रोज व्हायचा. बापूसाहेबांच्या मळ्यात त्यांच्या घरची एक दूध संस्था होती. तिथल्या कॅनमध्ये दूध किती आणि विहिरीचं पाणी किती, हे मला पहिल्या तपासणीतच कळायचं. मी खरं ते लिहायचे. मग शिंगटे अण्णा यायचे आणि मार्चची आठवण करून द्यायचे. मी आकडा बदलायचे. त्या वेळी स्वतःची जी चीड यायची, ती दिवसभर उतरायची नाही. मीही अर्ज केला होता, आणि मला ती कायमची जागा हवी होती ती एवढ्यासाठी, की एकदा तरी मी लिहिलेला आकडा तसाच राहावा. ती दुसऱ्या कुणाला मिळाली तर माझं कंत्राट त्याच दिवशी संपणार होतं. आणि ती शार्दूलला मिळावी हे बापूसाहेबांनी ठरवून टाकलं होतं.

आमच्या संघाची रीतच तशी. आधी माणूस ठरतो, मग त्याच्या मापाची जाहिरात निघते. शिंगटे अण्णा या कामातले नावाजलेले शिंपी. एका संचालकाचा मेहुणा तबला वाजवायचा, तर अण्णांनी पहारेकऱ्याच्या जाहिरातीत 'तबल्याची परीक्षा उत्तीर्ण असल्यास प्राधान्य' असं घातलं होतं. मेहुणा लागला. रात्री गेटवर झोपतो, पण ठेक्यात घोरतो असं लोक म्हणतात.

"आता सिस्टिमला एक गोष्ट लागेल," खासनीस म्हणाला. "तुमच्या मनातला आदर्श उमेदवार कसा आहे, त्याचा एक नमुना द्यायचा. त्यावरून ती शिकते आणि तसाच माणूस शोधते."

अण्णांचा चेहरा खुलला. पुण्याचं यंत्र आणि आपली रीत एकच निघाली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि शार्दूलचा बायोडाटा नमुना म्हणून मशीनला दिला.

हा बायोडाटा मी वाचला होता. तोही मशीननंच लिहिलेला. तसे आलेले सगळेच अर्ज मशीननं लिहिलेले होते, त्यामुळे तालुक्यातला जो तो 'आव्हानांना संधी मानणारा' आणि 'गुणवत्तेचा ध्यास घेतलेला' झाला होता. पण शार्दूलचा कहर होता. दुग्ध प्रयोगशाळेतला दांडगा अनुभव, तपासणीच्या सगळ्या पद्धतींत हातखंडा, आणि वर त्या अनुभवाचं संघाचंच प्रमाणपत्र. हा सगळा अनुभव त्यानं पुण्यात एका कॅफेत बसून मिळवला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दूध फाटलं तरच या मुलाला काहीतरी बिघडलंय हे कळलं असतं.

खासनीसनं बटण दाबलं. यादी आली. शार्दूल खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वरून वाचायला लागला, मग मधे थांबला, मग अगदी तळाशी गेला.

"मामा, मी बाद आहे."

"काय?"

"इथं लिहिलंय. बाद. उपलब्ध नोंदीची नक्कल."

बापूसाहेबांनी खासनीसकडे पाहिलं. खासनीसनं स्क्रीनकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"सर, त्याचं असंय, आपण जो आदर्श दिला आणि सरांचा जो अर्ज आला, ते दोन्ही शंभर टक्के सारखे निघाले. त्यामुळे सिस्टिमला वाटलं, कुणीतरी आदर्श उमेदवाराची कॉपी मारली."

"म्हंजे आदर्श म्हणून ह्येच, आणि बाद बी ह्येच?"

"टेक्निकली, हो."

मला हसू आलं. मी ते खोकल्यात लपवलं.

"मग पयला कोण?" बापूसाहेबांनी विचारलं.

खासनीस यादी पुन्हा वर सरकवू लागला. शेवटी शार्दूलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिली मी होते. शार्दूलनं जे जे खोटं लिहिलं होतं ते माझ्या बाबतीत खरं होतं, म्हणून मशीनच्या मते मीच त्याच्या सर्वांत जवळची होते. मी शार्दूलसारखी आहे, हे ऐकून घ्यावं लागलं. इतका अपमान अण्णांनीही कधी केला नव्हता.

मग शिंगटे अण्णा पुढे सरकले. अण्णा बुद्धीनं मंद नव्हते, ती त्यांनी आयुष्यभर एकाच कामाला जुंपली होती एवढंच.

"सायेब, मग सोपं हाय की. मॅडमचा अर्ज नमुना म्हणून घाला. नक्कल म्हणून मॅडम आपोआप बाहेर. आणि शार्दूलबाबांचा अर्ज तेवढा मॅडमच्या अर्जासारखा करून घ्यायचा, थोडं हिकडचं तिकडं. म्हंजे जवळचे म्हणून तेच वर येत्यात."

"होतंय का असं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"होईल ना," खासनीस म्हणाला. त्याला बिल मंजूर करून घ्यायचं होतं. "एआयलाच सांगू, मॅडमच्या स्टाइलमध्ये सरांचं लिहून दे."

हे सगळं माझ्यादेखत चाललं होतं. मला बाहेर जा म्हणायचीही त्यांना गरज वाटली नाही. गोठ्यात बसून कोणती म्हैस विकायची हे ठरवताना म्हशीला कोण बाहेर काढतं? तोंडावर दोन शब्द फेकावेत असं फार वाटलं, पण तेवढ्यानं मला काय मिळालं असतं? अण्णांनी माझा मार्च वेळेआधीच आणला असता.

"मॅडम, मनाला लावून घिऊ नका," बापूसाहेब उदारपणे म्हणाले. "आदर्श म्हणून नाव तुमचंच राहणार हाय."

"नाही हो बापूसाहेब, माझा तर मान झाला," मी म्हणाले. मग खासनीसला विचारलं, "हा निकाल तुम्ही वार्षिक सभेत मोठ्या पडद्यावर दाखवणार ना?"

"हो. सरांची तीच आयडिया आहे."

बापूसाहेबांची तीच योजना होती. नेमणुकीला सभेची मंजुरी लागत नाही, पण उद्या कुणी भाचा लावला म्हणून बोट दाखवलं तर 'मशीननं निवडला, सभेनं मंजूर केला' म्हणता यावं, असा त्यांचा हिशेब होता.

"मग आधी काय दाखवणार? निवड, की हा आदर्श?"

"तसं काही ठरवलं नाही."

"आधी आदर्श दाखवा की. मशीन कशावर शिकलं हे सभासदांना आधी कळायला नको? नाव मोठं टाका. फोटो मी चांगला देते."

"वा मॅडम," खासनीस म्हणाला, "याला म्हणतात ट्रान्सपरन्सी."

बापूसाहेब शार्दूलकडे बघून मिशीत हसले. "घाल बाबा घाल, मॅडमचा फोटो मोठा घाल. बाईमाणसाला फोटो आला की बरं वाटतंय."

"हो ना," मी म्हणाले. आणि खरंच चांगला फोटो दिला.

मधे एक मुलाखतीचा फार्स झाला. मशीन मुलाखत घेतं म्हणजे संगणकापुढे एकटं बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघत उत्तरं द्यायची. एका गोड बायकी आवाजानं मला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मी म्हणाले, "याच खोलीत. पण खुर्चीत." आवाजानं विचार केला आणि मला सांगितलं, की माझ्या चेहऱ्यावर उत्साह कमी दिसतो, मी थोडं हसावं. सकाळपासून उभ्या असलेल्या बाईला हसायला सांगणारा हा पहिला बिनपगारी साहेब. शार्दूल म्हणे मुलाखतभर हसत होता. त्याला उत्साहात पूर्ण गुण पडले.

सभेच्या दिवशी संघाच्या आवारात मांडव घातला होता. स्टेजवर संचालक, एका कडेला सहकार खात्याचे अधिकारी कागद घेऊन, आणि मधोमध लग्नातल्यासारखा मोठा पडदा. पडद्यासमोरच्या पहिल्या रांगेत संपत पैलवान आणि त्याची माणसं. संपत पैलवान संघाचा सभासद होता की नव्हता हे कुणालाच माहीत नाही. सभेत 'मंजूर' म्हणणं हे त्याचं काम. विषय वाचायला सुरुवात झाली की वाचणाऱ्यानं श्वास घ्यायच्या आत तो मंजूर म्हणायचा, मागून त्याची माणसं, मग सवयीनं सगळा मांडव. असं केलं की विरोधकांच्या हातात माइक जात नाही आणि सभा चहा निवायच्या आत आटपते.

त्या दिवशीही ताळेबंद असाच गेला. विरोधी गटाचे पाटोळे मास्तर उठून उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, ताळेबंदावर मला एक प्रश्न आहे."

"मास्तर, विषय मंजूर झाला," बापूसाहेब माइकवर म्हणाले. "सभेनं एकदा मंजूर म्हटलं, की ब्रह्मदेव आला तरी ते फिरत न्हाई. बसा."

मास्तर बसले. पुढचे विषय पटापट गेले. मी मागे दूध घालणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी होते. त्यातल्या बहुतेकींना मी ओळखत होते. त्यांच्या दुधाची फॅट मी कधी कमी लिहिली नव्हती, आणि त्यांच्या मागे शिंगटे अण्णा कधी आले नव्हते. आता जे होणार होतं ते तसंच होईल का, याची खात्री नव्हती, आणि नाही झालं तर उद्यापासून मी घरी होते.

नेमणुकीचा विषय आला. खासनीसनं बटण दाबलं आणि पडद्यावर माझा चेहरा आला, माणसाएवढा. खाली ठळक अक्षरांत 'आदर्श उमेदवार'. त्याखाली माझं नाव.

शिंगटे अण्णा माइकपाशी होते. समोर येईल ते मोठ्यानं वाचायची त्यांची जन्माची सवय.

"एआय मशीननं ठरवलेल्या आदर्श उमेदवार, श्रीमती रेवती घोडके—"

"मंजूर," संपत पैलवान म्हणाला.

"मंजूर, मंजूर," पहिली रांग म्हणाली. मग मांडव म्हणाला. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सवयीच्या नव्हत्या.

बापूसाहेब ताडकन उठले. "थांबा, थांबा. ही निवड न्हाई. हा निस्ता नमुना हाय."

पाटोळे मास्तरही उठले होते. या वेळी त्यांना माइकची गरज पडली नाही.

"अध्यक्ष महाराज, नमुना असो की काही असो, सभेनं मंजूर केलाय. आता ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही. आत्ता तुम्हीच सांगितलंत. साहेब, इतिवृत्तात घ्या."

सहकार खात्याच्या साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

खासनीसला या रणधुमाळीतलं काही कळलं नव्हतं. त्यानं इमानेइतबारे पुढचं बटण दाबलं. पडद्यावर शार्दूल आला, हसरा, उत्साहानं भरलेला.

"हे कोण?" मास्तरांनी विचारलं.

"हे... आदर्शाच्या सर्वांत जवळचे," खासनीस म्हणाला.

"अहो, मूळ बाई मांडवात उभी असताना जवळचा कशाला?"

मांडव हसला. संपत पैलवान गोंधळून मागे-पुढे बघत होता. मंजूर म्हणून शिव्या खायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. आणि शिंगटे अण्णांचं तोंड असं झालं होतं, की स्वतः शिवलेल्या सदऱ्यात दुसराच माणूस हात घालताना बघावा.

लोक म्हणतात नशीब. मी मान डोलावते. पण इतकी वर्षं मी त्या सभा मागे उभं राहून पाहिल्या होत्या. जे नाव पहिलं कानावर पडेल त्याला संपत पैलवान मंजूर म्हणतो, पुढचं ऐकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर फोटो आधी दाखवा म्हणाले. मशीनवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी भरवसा ठेवला तो संपत पैलवानावर.

बापूसाहेब मात्र बापूसाहेबच. पाण्याचा घोट घेतला, मिशी पुसली आणि माइक हातात घेतला.

"सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या संघात नात्यागोत्याला थारा न्हाई, हे आज जगानं पाह्यलं. माझा सख्खा भाचा उमेदवार होता. पण मी मशीनला म्हटलं, न्हाई. गुणवत्ता म्हंजे गुणवत्ता."

टाळ्या पडल्या. संपत पैलवाननं, आता नक्की काय म्हणायचं ते कळून, सर्वांत जोरात वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, आणि त्या कात्रणावर खासनीसनं आणखी दोन संघांना तेच मशीन विकलं. मशीननं नक्कल म्हणून बाद केलेल्या बाईची निवड मशीनच्या नावावर जमा झाली. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

मला स्टेजवर बोलावलं. बापूसाहेबांनी गुच्छ दिला, फोटोग्राफरकडे तोंड केलं आणि ओठ न हलवता माझ्या कानाशी बोलले. तिथं 'मॅडम' आणि 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"मी मनात आणलं असतं तर आत्ता सभा तहकूब केली असती. नोकरी मी दिलीय तुला, ध्यानात ठेव. मळ्यातल्या कॅनचं बघत जा."

"बघते की, बापूसाहेब," मी म्हणाले आणि फोटोसाठी हसले.

ऑर्डर हातात पडेपर्यंत मी रोज तोच बदललेला आकडा लिहिला. मग एका दुपारी शिंगटे अण्णांनी ती आणून दिली, सहीशिक्क्यासकट, कायम नेमणुकीची. मी ती दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यातला टेम्पो लागला. मी पहिला कॅन तपासला. दुसरा तपासला. सगळे तपासले. मग वहीत जे होतं ते लिहिलं आणि त्यापुढे 'नाकारले' असं लिहून सही केली.

ड्रायव्हर उतरवलेले कॅन आत न्यायला लागला तसं मी त्याला थांबवलं.

"मॅडम, हे बापूसायबांचं हाय."

"माहीत आहे. परत न्या."

तो पळत जाऊन अण्णांना घेऊन आला. अण्णा धापा टाकत होते. दूध उतरवायच्या धक्क्यावर गावोगावच्या संस्थांची माणसं आपापले कॅन घेऊन उभी होती, ती पुढे सरकून बघायला लागली.

"मॅडम, आकडा जरा बघा की. नजरचूक झाली असंल."

"अण्णा, काल तुम्ही दिलेली ऑर्डर कायमची आहे ना?"

अण्णांनी मान डोलावली.

"मला काढायला आता काय लागतं?"

"चौकशी," अण्णा हळूच म्हणाले.

"मग लावा. चौकशीत दूधही तपासतील."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली. सगळ्यांच्या देखत बापूसाहेबांचे कॅन एकेक करून परत टेम्पोत चढले. टेम्पो वळून मळ्याच्या रस्त्याला लागला, आणि मी पुढच्या गावाच्या कॅनचं झाकण उघडलं.